माझ्याकडं घ्या, तुमच्याकडं घ्या

माझ्या साडूंनी ट्रक घेऊन अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, पण डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे त्यांना आजतागायत धड सांगता आलेलं नाही. ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती करायची तर मी त्यांच्या मिशांबद्दल करीन, आवाजाबद्दल करीन; जेवणाबद्दल करायची गरजच पडत नाही. पण डाव्या-उजव्याची गोष्ट शंभर नंबरी खरी आहे. कुणी 'उजवीकडे वळा' म्हटलं की हा सहा फुटी माणूस थबकतो, डोळे किलकिले करतो, दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघतो आणि मग पूर्ण आत्मविश्वासानं डावीकडे वळतो. बरं, वळल्यावर चूक कबूल करील तर तो माझा साडू कसला. "रस्ताच उलटा बांधलाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा आमच्या मेहुण्याच्या लग्नात गुरुजींनी 'यजमानांनी उजव्या हातात पाणी घ्यावं' असं सांगितलं, तेव्हा साडूंनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "कुठला लागंल तो घ्या."

याचं मूळ त्यांच्या लहानपणात आहे. साडू जन्माचे डावखुरे. गाव दिंडोरीकडचं, घरातली वडील मंडळी कडक, डाव्या हातानं घास उचलला की मनगटावर चापट ठरलेली. शाळेत तेच काम मास्तर छडीनं करायचे. तोंडानं ओरडायचे 'उजवा हात, उजवा हात' आणि मारायचे मात्र डाव्यावर. पोरगं त्यातून काय शिकणार? ज्या हातावर मार बसतो तो उजवा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. खरं काय ते पुढं कळलं, पण तोवर दोन्ही शब्दांची डोक्यात अशी निरगाठ बसली होती की ती काही सुटली नाही. हातांना सगळं समजतं. कसारा घाटात कुठल्या वळणावर स्टिअरिंग किती फिरवायचं, लासलगावच्या गर्दीत भरलेली गाडी दोन ट्रॅक्टरांमधून कशी काढायची, हे त्यांचे हात कुणाला न विचारता करतात. घोळ होतो तो शब्द कानावर पडला की. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी एकदा उजव्या मनगटाला लाल दोरा बांधून घेतला होता. दोन दिवसांनी आमच्याकडे आले तेव्हा दोन्ही मनगटांना दोरे होते. मी विचारलं, तर म्हणाले, "आंघोळीला पहिला सोडून ठेवला व्हता. मग आठवंना कुठल्या हाताचा, म्हणून दुसऱ्यालाबी बांधला."

असा माणूस ट्रकच्या धंद्यात टिकला कसा, हे कुणीही विचारील. तरुणपणी त्यांच्याबरोबर क्लीनर असायचा. तो आपल्या बाजूच्या दारावर थाप मारायचा; एक थाप म्हणजे क्लीनर साइड, दोन थापा म्हणजे ड्रायव्हर साइड. शब्दांचा प्रश्नच नव्हता, दाराचा पत्रा तेवढा पोचे पडून गेला होता. पुढे क्लीनर मिळेनासे झाले. उन्हातान्हात टायर बदलायला कुणाला हवंय, जो तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जायला लागला. साडू एकटे गाडी काढायला लागले आणि पहिल्याच फेरीला इंदूरहून परत येताना घर चुकले. ते राहतात आडगाव नाक्याजवळ. धुळ्याकडून आलं की उड्डाणपुलाच्या तोंडाशी बाजूच्या खालच्या रस्त्याला लागायचं, की आलं घर. पोलिसानं हात न करता नुसतं तोंडानं 'डावीकडे घ्या' म्हटलं. साडू विचार करत बसले आणि विचार संपेपर्यंत गाडी पुलावर चढली होती. त्या पुलावर एकदा चढलं की नाशिक शहर पायाखालून निघून जातं. आपलं घर, आपला चौक, आपला दूधवाला असं सगळं वरून बघत बघत साडू शहराच्या पार दुसऱ्या टोकाला उतरले, आणि तिथून आक्कांना फोन केला की वाटेत जरा काम निघालं.

आक्का म्हणजे त्यांच्या मंडळी, माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूंच्या खांद्यालाही न लागणारी, पण बोलायला लागली की साडू उंचीनं कमी दिसायला लागतात अशी बाई. वाटेत काम निघालं यावर त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, घरात मागे राहण्यासारखं एक मांजर तेवढं होतं. पुढच्या फेरीला आक्का गोधडीची घडी काखेत मारून केबिनमध्ये चढल्या आणि क्लीनरच्या सीटवर मांडी घालून बसल्या. पहिल्या दिवशी त्याही 'उजवीकडे' म्हणाल्या, आणि गाडी शिरपूरजवळ कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात जाऊन उभी राहिली. वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं, मुलीचा संसार आला. त्यानंतर तासाभरात आक्कांनी जे शोधून काढलं ते सात वर्षांच्या शाळेला जमलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "डावं-उजवं मरू द्या. मी बसलेय ती माझी बाजू. तुम्ही बसलाय ती तुमची. आता माझ्याकडं घ्या."

साडूंनी अचूक घेतलं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी रस्ता कळेल अशा भाषेत सांगितला होता. मग वर्षानुवर्षं त्या केबिनमध्ये हीच भाषा चालली. डावं वळण असलं की 'माझ्याकडं घ्या', उजवं असलं की 'तुमच्याकडं घ्या', आणि सरळ जायचं असलं की 'आपलं चालू द्या'. टोमॅटो घेऊन सुरत, कांदा घेऊन हैदराबाद, डाळिंब घेऊन आणखी कुठं. आक्का वाटेत भाजी निवडायच्या, साडूंना पाणी द्यायच्या, बाजूनं कट मारून जाणाऱ्या गाड्यांना त्यांच्या आईबापांबद्दल चार शब्द सुनवायच्या. साडूंनी गाडीच्या कपाळावरचं जुनं वाक्य पुसून तिथं 'सोबत' एवढंच रंगवून घेतलं. पेंटरनं विचारलं, कुणाची? साडू म्हणाले, "ज्याला ठाऊक हाय त्याला ठाऊक हाय."

गेल्या वर्षी आक्कांच्या गुडघ्यांनी दगा दिला. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, आणि डॉक्टरांनी घरातले दोन जिने चढायला हरकत नाही पण ट्रकच्या केबिनचं नाव काढायचं नाही असं बजावलं. आक्कांनी ते मुकाट ऐकलं, घरी आल्या आणि साडूंना बजावलं. शेजारी सांगणारं कुणी नसेल तर गाडी दारातून हलणार नाही. सिन्नरचा एक जण गाडीवर कधीपासून डोळा ठेवून होता. दिवाळीपर्यंत काही सोय झाली नाही तर गाडी त्याला देऊन टाकायची. मुलीनंही पुण्याहून आईचीच री ओढली. साडू म्हणाले, "सांगणारं माणूस नसंल तर सांगणारं यंत्र आणतो. गाडी विकायची नाय." आणि साडू एकदा 'नाय' म्हणाले की ते गोदावरीलाही उलटं फिरवता येत नाही.

यंत्र निवडायला मदतीला म्हणून ते माझ्याकडे आले, यात माझी लायकी एवढीच की मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालोय. "साडूभाऊ, तुमच्या विमानाला रस्ता कोण सांगतं? वर आभाळात ना पाटी, ना चहाची टपरी. ते यंत्र आपल्याला पायजे." मी त्यांना नाना परींनी समजावलं की मी कारखान्याच्या कँटीनचं कोठार सांभाळत होतो आणि विमानाशी माझा संबंध इतकाच, की ते डोक्यावरून गेलं की आमच्या बटाट्यांची पोती थरथरायची. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरीबी, तुम्ही जवळ व्हते."

सुरुवात फुकटातल्या वस्तूपासून करावी म्हणून आम्ही माझ्याच मोबाइलवरचा नकाशा लावून निघालो. इगतपुरीकडच्या एका गिरणीतून भाताच्या तुसाची पोती भरायची होती. मोबाइलमधली बाई डावं-उजवं म्हणायची आणि मी त्याचा तर्जुमा करायचा असं ठरलं. पहिलंच वळण आलं, मी म्हणालो, "माझ्याकडं घ्या." साडूंनी घेतलं, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. थोडं पुढं जाऊन म्हणाले, "साडूभाऊ, ते तुम्ही नका म्हणू. दारावर थाप मारा." मलाही ते बरंच वाटलं. येताना मोबाइलमधल्या बाईनं जवळची वाट दाखवली आणि ती वाट रेल्वेच्या एका ठेंगण्या पुलाखालून निघाली. तूस हलकं म्हणून पोती थेट आभाळाला भिडवलेली. गाडी निम्मी पुलाखाली आणि निम्मी पावसात, अशी आम्ही अडकलो. इगतपुरीचा पाऊस काही पडत नाही, तो ओतला जातो. गाव गोळा झालं, ज्याला त्याला सल्ला सुचला, अखेर सगळ्या चाकांतली हवा कमी करून गाडी खाली बसवली आणि इंचाइंचानं मागं घेतली. साडू भिजून चिंब झाले होते, पण बाईला दोष दिला नाही. "ती मोटारीतली बाई हाय. आपल्या डोक्यावर काय लादलंय ते तिला काय ठाऊक? आपल्याला ट्रकातली बाई बघाया पायजे."

इथून जे सुरू झालं ते मुलीचं स्थळ बघण्याहून कमी नव्हतं. द्वारका चौकाकडच्या दुकानांच्या आम्ही चपला झिजेपर्यंत फेऱ्या मारल्या. साडू काउंटरवर कोपर टेकून यंत्र समोर मागवायचे आणि विचारपूस सुरू करायचे. आवाज कसाय? इंजिनाच्या वर ऐकू येतो का? उन्हात तोंड दिसतं का, का नुसता काळा आरसा? मोबाइलची रेंज गेली की गप्प बसते का? आणि शेवटी, अगदी गंभीरपणे, "तापट हाय का?" दुकानदार आधी हसायचे, मग घड्याळाकडे बघायचे. एकानं पिच्छा सुटावा म्हणून एक स्वस्तातलं यंत्र गळ्यात मारलं. ते मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीचं होतं आणि ट्रकची असते चोवीसची. ते लावल्यावर बाई फक्त 'नमस्कार' एवढंच म्हणाली, आणि मग वास आला. साडूंनी ती जळकी डबी रुमालात गुंडाळून दुकानदाराला परत नेऊन दिली. म्हणाले, "मोठ्या घरात आणली अन् धसका घेतला बिचारीनं."

घरी आक्कांचं निराळंच चाललं होतं. आम्ही दुकानं पालथी घालून आलो की त्या चहाचे कप आपटून ठेवायच्या आणि विचारायच्या, "ठरली का तुमची ती?" यंत्रातून बाईचाच आवाज येतो हे त्यांना समजल्यापासून त्या यंत्राचा उल्लेख 'ती' असाच व्हायचा. साडू दुकानातून आणलेल्या डब्यांची स्वयंपाकघरात परीक्षा घ्यायचे. स्टुलावर बसायचं, हातात जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं धरायचं, आणि डबी बोलली की ताट फिरवायचं. डबी 'उजवीकडे' म्हणाली की ताट हमखास डावीकडे. आक्का ओट्याजवळ खुर्चीवर बसून हे सगळं बघत असायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान काही लपत नव्हतं.

अखेर आम्हाला खरोखरची ट्रकातली बाई सापडली. त्या यंत्राला गाडीची उंची आणि वजन आधी सांगून ठेवता यायचं, मग ते ठेंगण्या पुलाखालची वाट दाखवायचंच नाही. चोवीस व्होल्टवर चालायचं, नकाशे पोटातच असल्यामुळे रेंज नसली तरी बोलायचं, आवाज खणखणीत. शिवाय रेंज असेल तिथं गाडी कुठं पोचली ते घरातल्या मोबाइलवर निळ्या ठिपक्यानं दिसायचं. दोन दिवस वापरून बघा, म्हणून दुकानदारानं ते दिलं, आणि साडूंनी त्याला कसोटीला थेट सुरगाण्याच्या डोंगरात नेलं. मोबाइलनं तिकडं मान टाकली, पण यंत्र एका शब्दाला चुकलं नाही. चुकले ते साडू. फाट्यावर बाई म्हणाली, "उजवीकडे वळण घ्या," आणि आम्ही भाताच्या खाचरांमधून जात एका घराच्या अंगणात उभे राहिलो. नागली वाळत टाकलेली, कोंबड्या सैरावैरा. बाई म्हणाली, "मार्ग पुन्हा शोधत आहे." साडू पुन्हा चुकले. बाई पुन्हा त्याच सुरात, "मार्ग पुन्हा शोधत आहे." साडूंनी इंजिन बंद केलं आणि त्या डबीकडे बघितलं. "हिला रागच येत नाय," ते म्हणाले. "चुकल्यावर माणसाला कुणी रागवायला नको?"

परतताना साडू गप्प होते, आणि ते गप्प बसलेले मी त्याआधी फक्त जेवताना पाहिले होते. दिवाळी तोंडावर आली होती. सर्वगुणसंपन्न स्थळ मिळालं होतं, पण पत्रिका एका शब्दावर अडली होती. मी कोठारातला माणूस. कुठलीही वस्तू ताब्यात घेताना सोबतचं माहितीपुस्तक शेवटपर्यंत वाचायचं ही माझी जुनी खोड. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर मला दिसलं, की यंत्रातल्या बाईला गप्प करून तिच्या जागी आपल्या माणसाचा आवाज भरता येतो. एकेक सूचना आपण आपल्या शब्दांत बोलायची, यंत्र ती वेळेवर म्हणून दाखवणार. मी पुस्तक घेऊन तसाच आडगाव नाक्याला गेलो. साडूंनी ऐकलं आणि मला उचललंच. मग दोघंही आक्कांकडे वळलो.

आक्का म्हणाल्या, "नाय."

आम्हाला वाटलं त्यांना नीट समजलं नाही, म्हणून मी पुन्हा समजावायला लागलो. त्यांनी मला हातानं थांबवलं. "पाव्हणं, समजलंय मला. माझा आवाज डबीत घालायचा, डबी गाडीत लावायची, अन् मला इथं मांजराशेजारी बसवायचं. एवढी वर्षं मी नुसती वळणं सांगायला बसत व्हते का? त्यांना वाटत असंल तसं. मला नव्हतं वाटत." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. साडू दारात उभे होते. त्यांनी दोन्ही हातांकडे बघितलं, जसं वळण आल्यावर बघतात तसं. मग एवढंच म्हणाले, "बरं. मग विकतो," आणि खिशातून मोबाइल काढून सिन्नरवाल्याला फोन लावला.

सिन्नरवाला दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाला. बोलायला गोड माणूस. गाडीभोवती फिरला, टायरांवर टाचा मारल्या, इंजिन चालू करून कान लावला. आक्का ओटीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. साडू गाडीपाशी, पण गाडीकडे पाठ करून. सिन्नरवाला केबिनमध्ये चढला आणि आतूनच मोठ्यानं बोलायला लागला. गाडी झकास ठेवलीय. फक्त क्लीनर साइडची ही सीट काढून टाकू. एकट्यालाच चालवायची तर तिचा उपयोग काय? तिथं लोखंडी पेटी बसवली की ताडपत्री, दोरखंड सगळं मावेल. एवढं बोलून त्यानं सीटवरची गोधडी दोन बोटांनी उचलली आणि खाली साडूंच्या हातात दिली. "ही तुमची राहिलीय."

साडू गोधडी पोटाशी धरून उभे राहिले. बोलल्या त्या आक्का. त्या खुर्चीतून उठल्या, काठी न घेता दोन पायऱ्या उतरल्या, आणि म्हणाल्या, "दादा, खाली उतरा. सीट काढायची नाय अन् गाडीबी विकायची नाय. चहा घेऊन जा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाव्हणं, आणा ती डबी."

आवाज भरण्याचा कार्यक्रम स्वयंपाकघरातच झाला. यंत्र एकेक सूचना पडद्यावर दाखवायचं आणि आक्का ती आपल्या भाषेत सांगायच्या. 'डावीकडे वळा' आलं, त्या म्हणाल्या, "माझ्याकडं घ्या." 'उजवीकडे वळा' ला, "तुमच्याकडं घ्या, बेतानं." 'सरळ जा' च्या वेळी नेमकी कुकरची शिट्टी झाली. पुन्हा भरू म्हटलं तर साडू म्हणाले राहू द्या. त्यामुळे आता महामार्गावर दर थोड्या वेळानं 'आपलं चालू द्या' नंतर शिट्टी होते आणि साडूंना भूक लागते. चुकल्यावर म्हणायचं वाक्य आलं तेव्हा आक्कांनी साडूंकडे रोखून पाहिलं आणि दणकावलं, "चुकलात ना? लक्ष कुठंय? आता पुढून फिरा." साडूंना एवढं समाधान मी लेकीच्या लग्नातही झालेलं पाहिलं नव्हतं. शेवटची सूचना होती, 'आपण पोचला आहात'. आक्कांनी डबी बंद करून माझ्या हातात दिली. "हे नाय म्हणणार. पोचल्याचं मी का सांगू? ते त्यांनी मला सांगायचं असतं." ती जागा आम्ही कोरी ठेवली.

पहिल्या फेरीला मी बरोबर असावं असं आक्कांनी फर्मावलं. कांदा भरून इंदूर. मी सवयीनं क्लीनरच्या सीटवर बसायला गेलो, तर साडूंनी मागच्या झोपायच्या फळीकडे बोट केलं. सीटवर गोधडीची घडी होती. आणि यंत्र त्यांनी स्वतःसमोर बसवलं नव्हतं, डॅशबोर्डावर अगदी तिकडच्या टोकाला, सीटच्या समोर बसवलं होतं. हात पोचत नाही, पडदा वाकडा दिसतो, हे मी सांगून पाहिलं. साडू म्हणाले, "पडदा बघायचाच नाय. पण 'माझ्याकडं' असं तिकडून आलं पायजे ना, साडूभाऊ. माझ्या पुढ्यातून आलं तर माझी कुठली अन् तिची कुठली?" यावर मी फळीवर आडवा झालो. जाताना एकही वळण चुकलं नाही. इंदूरच्या बाजारात, जिथं मला स्वतःला डावं-उजवं कळेना, तिथं साडू शिटी वाजवत गाडी फिरवत होते आणि डबीला मध्येच उत्तरंही देत होते. डबी म्हणायची, "तुमच्याकडं घ्या, बेतानं," हे म्हणायचे, "बेतानंच घेतोय की."

परत येताना ओझर मागे पडलं, आडगाव आलं. संध्याकाळची उन्हं समोरून येत होती. पूल दिसायला लागला, आणि खालच्या रस्त्याचा फाटा जवळ आला तशी डबी म्हणाली, "माझ्याकडं घ्या." साडूंनी आरशात बघितलं. हात स्टिअरिंगवर पक्के होते, चेहऱ्यावर तो नेहमीचा गोंधळ नव्हता. दोन्ही हातांकडे बघणं नाही, डोळे किलकिले करणं नाही. गाडी सरळ पुलावर चढली. डबी कडाडली, "चुकलात ना? लक्ष कुठंय? आता पुढून फिरा." शहर खालून जात होतं. पार दुसऱ्या टोकाला उतरून, वळून, आम्ही पुन्हा सगळ्या शहराच्या डोक्यावरून मागे आलो, आणि वाटेत तेच वाक्य त्यांनी आणखी एकदा म्हणवून घेतलं. हा माणूस मुद्दाम चुकतोय हे मला कळलं होतं. पण फळीवरून बोलायची माझी छाती झाली नाही.

दारात गाडी उभी राहिली तेव्हा आक्का ओटीच्या पायरीशी उभ्या होत्या, एका हातात काठी, एका हातात मोबाइल. निळा ठिपका घरावरून जाऊन परत आलेला त्यांनी पाहिला असणार. डबीची शेवटची जागा कोरी, त्यामुळे ती गप्प. साडूंनी इंजिन बंद केलं, खिशातून मोबाइल काढला आणि फोन लावला. समोर, दहा पावलांवर, आक्कांच्या हातातला मोबाइल वाजला.

"पोचलो," साडू म्हणाले.

आक्कांनी मोबाइल कानाला तसाच धरून ठेवला. काचेतून दोघं एकमेकांकडे बघत होती. मग त्या म्हणाल्या, "दिसलं मला. दोनदा दिसलं."

मला माहीत आहे की हे काही फार वर्षं चालणार नाही. साडूंचंही वय झालंय, डोळ्यांवर चष्मा आलाय, आणि सिन्नरवाला अजून अधूनमधून फोन करतो. गाडी कधीतरी जाईल. डबी मात्र द्यायची नाही, एवढं दोघांचं ठरलंय. त्या दिवशी साडू गोधडी खांद्यावर टाकून खाली उतरले, आक्कांनी त्यांच्या दंडाला धरलं, आणि ती दोघं घरात गेली. मी मागच्या फळीवरून उतरायला जरा वेळ लावला.